फौजदारी खटल्यात पीडित आणि साक्षीदार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवेच्या मदत टेबलावर बसलं की दिवसभरात तेच पंधरा-वीस प्रश्न फिरून फिरून येतात. हातात घडी घालून चुरगळलेलं समन्स, सोबत 'कोर्टाची माहिती असलेले' कोणीतरी भाऊजी, आणि पहिलं वाक्य ठरलेलं: "आम्ही काही गुन्हा केला नाही, मग आम्हाला का बोलावलंय?" ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. खाली 'संहिता' म्हटलंय ती हीच. कलमांचे आकडे मुद्दाम दिलेत. अर्जात कलम लिहिलेलं असलं की तो बाजूला सारणं जरा अवघड जातं.

१. फिर्याद मी दिली, मग खटला माझाच ना? वकील मी लावायचा का?

खटला 'महाराष्ट्र शासन विरुद्ध आरोपी' असा चालतो. बाजू मांडायला सरकारी वकील असतात आणि त्यांची फी तुम्ही द्यायची नसते. तुम्ही त्यात पक्षकार नसता, साक्षीदार असता. बहुतेक गैरसमजांचं मूळ इथेच आहे. लोकांना वाटतं, आपली केस आहे म्हणजे प्रत्येक तारीख आपल्याला कळवतील. कळवत नाहीत.

तरीही कायद्यात 'पीडित' ही स्वतंत्र ओळख आहे. ज्याचं नुकसान किंवा इजा झाली तो, आणि त्याचे पालक व कायदेशीर वारसही. खून झालेल्या माणसाची पत्नी किंवा मुलं म्हणूनच पीडित ठरतात. पीडिताला कलम १८(८) खाली न्यायालयाच्या परवानगीने सरकारी वकिलांच्या मदतीला स्वतःचा वकील देता येतो. पण हा वकील स्वतंत्रपणे खटला चालवू शकत नाही. साक्षीदाराची उलटतपासणी घेणं, तोंडी युक्तिवाद करणं हा त्याचा हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं. तो सरकारी वकिलांना मुद्दे सुचवतो आणि शेवटी परवानगीने लेखी युक्तिवाद देतो. तेवढ्यासाठी खर्च करावा का? साध्या मारामारीच्या खटल्यात मी नाही म्हणतो. गंभीर गुन्ह्यात मात्र हो, आणि त्याचं एक कारण प्रश्न ४ मध्ये आहे.

वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. फोन नंबर १५१००.

२. पोलीस म्हणतात, "घटना आमच्या हद्दीतली नाही." किंवा नुसती एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेऊन परत पाठवतात. काय करू?

दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्याचा तपास पोलीस कोर्टाच्या आदेशाशिवाय करू शकतात अशा गुन्ह्याची, खबर हद्द न पाहता नोंदवून घ्यायची असते, कलम १७३. ही 'झिरो एफआयआर'. नंतर ती योग्य ठाण्याकडे जाते. एफआयआरची प्रत फिर्यादीला किंवा पीडिताला मोफत द्यावी लागते, तेव्हा प्रत हातात घेतल्याशिवाय ठाणं सोडू नका.

नोंदवूनच घेत नसतील तर तीच तक्रार लेखी करून पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवा. शहरात असाल तर आयुक्तालयाकडे. पोस्टाची पावती जपून ठेवा. तिथेही काही झालं नाही तर प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, कलम १७५(३). मधली अधीक्षकांची पायरी गाळून थेट कोर्टात गेलेले अर्ज परत आलेले मी पाहिलेत.

३. जबाबासाठी ठाण्यात बोलावतात. जावंच लागतं का? आणि जबाबावर सही करायची का?

महिला, १५ वर्षांखालील मुलगा, ६० वर्षांवरील पुरुष, अपंग किंवा तीव्र आजारी व्यक्ती यांना राहत्या घराबाहेर बोलावता येत नाही. पोलिसांनी घरी यायचं. स्वतःहून जायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी. इतरांना बोलावताना लेखी आदेश हवा, तोही कलम १७९ मध्येच आहे. लैंगिक गुन्ह्यात पीडितेचा जबाब महिला पोलीस अधिकारी घेते, आणि बलात्काराच्या प्रकरणात तो पीडितेच्या घरी किंवा ती सांगेल त्या जागी घेतला जातो.

सही करायची नाही. पोलिसांसमोरच्या साक्षीदाराच्या जबाबावर सही नको, असं कलम १८१ सांगतं. सही लागते ती फिर्यादीवर, म्हणजे पहिल्या खबरेवर. पण सही नाही म्हणून वाचायचा नाही, असं नव्हे. "वाचून दाखवा" म्हणा. तुम्ही 'काठी' म्हणालात आणि तिथे 'लोखंडी गज' उतरला असेल तर ती दुरुस्ती त्याच दिवशी सोपी असते. तीन वर्षांनी उलटतपासणीत हाच गज तुमच्या अंगावर येतो.

न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरचा जबाब वेगळा. तो कलम १८३ चा असतो आणि त्याचं वजन जास्त असतं. दहा वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी आणलेल्या साक्षीदाराचा असा जबाब दंडाधिकाऱ्यांना नोंदवावाच लागतो.

४. तपास कुठवर आला, कोणी सांगत नाही. आरोपपत्राची प्रत मला मिळेल का?

तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, कलम १९३(३). मेसेजवर कळवलं तरी चालतं. एक्क्याण्णवाव्या दिवशी साधा अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारखेसह पोच घ्या. पोच नसलेला अर्ज कोर्टात दाखवता येत नाही.

आरोपपत्र आणि सोबतची कागदपत्रं आरोपीसारखीच पीडितालाही मोफत द्यायची असतात, कलम २३०. मेख एवढीच, की पीडितातर्फे वकील हजर असला पाहिजे. विधी सेवेचा वकील चालतो. वकीलपत्र वेळेत दाखल करा, असं मी सांगतो ते यासाठी.

खटला सुरू झाला की सोळा आकडी-अक्षरी सीएनआर क्रमांक, म्हणजे खटल्याचा ओळख क्रमांक, मागून घ्या. ई-कोर्ट्सच्या ॲपवर तो टाकला की पुढची तारीख दिसते.

५. कोर्टाची नोटीस आली: "पोलिसांनी 'ब' समरी पाठवली आहे." म्हणजे केस संपली?

संपलेली नाही, पण झोपूनही चालणार नाही. पोलीस आरोपपत्र न पाठवता प्रकरण बंद करायला सांगतात तेव्हा महाराष्ट्रात त्याचे तीन प्रकार करतात. 'अ' समरी म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी किंवा पुरावा सापडत नाही. 'ब' म्हणजे फिर्याद जाणूनबुजून खोटी. 'क' म्हणजे गैरसमजातून दिलेली किंवा दिवाणी स्वरूपाची. 'ब' सर्वांत त्रासाची, कारण खोट्या फिर्यादीबद्दल उलट तुमच्यावरच कारवाई सुचवलेली असू शकते.

समरी मंजूर करण्याआधी फिर्यादीचं म्हणणं ऐकलंच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच सांगितलं आहे. नोटिशीच्या तारखेला हजर राहा आणि लेखी हरकत द्या. कोणत्या साक्षीदाराचा जबाब घेतला नाही, कुठलं फुटेज जप्त केलं नाही, असं एक-एक नमूद करा. "पोलीस विकले गेलेत" एवढंच लिहिलेल्या हरकतीचा उपयोग होत नाही.

६. आरोपी जामिनावर सुटला आणि आम्हाला पेपरमधून कळलं. असं कसं?

सगळ्याच गुन्ह्यांत जामिनाआधी पीडिताला नोटीस देण्याची सक्ती नाही. ॲट्रॉसिटीच्या प्रकरणात ती आहे. त्या कायद्यात २०१६ पासून १५अ हे कलम आलं आणि नोटीस दिली नाही तर जामिनाचा आदेश टिकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटलं. पोक्सोबाबत, म्हणजे बालकांवरील लैंगिक अत्याचाराच्या कायद्याबाबत, मुंबई उच्च न्यायालयाचं म्हणणं तसंच आहे. सोळा वर्षांखालील मुलीवरील बलात्काराच्या प्रकरणात जामिनाच्या सुनावणीला फिर्यादी किंवा तिने नेमलेली व्यक्ती हजर असावी लागते.

इतर प्रकरणांत नोटीस आली नाही तरी बोलता येतं. पीडिताला कारवाईच्या प्रत्येक टप्प्यावर म्हणणं मांडण्याचा अधिकार आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये लखीमपूर खेरीच्या प्रकरणात सांगितलं आणि त्यातला जामीन रद्द केला. तारखांवर लक्ष ठेवा आणि वकिलामार्फत किंवा सरकारी वकिलांमार्फत हरकत द्या. सुटल्यावर आरोपी दारात येऊन उभा राहत असेल तर जामीन रद्द करण्याचा अर्ज होऊ शकतो. प्रत्येक वेळची तारीख, वेळ आणि कोण होतं ते वहीत लिहून ठेवा.

७. "साक्ष दिलीस तर बघून घेऊ," असे फोन येतात. संरक्षण मिळतं का?

मिळतं, आणि ही योजना लोकांना जवळजवळ माहीतच नाही. साक्षीदार संरक्षण योजना सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ रोजी मंजूर केली. नव्या संहितेच्या कलम ३९८ नेही प्रत्येक राज्यावर अशा योजनेची जबाबदारी टाकली आहे. जिल्ह्यात प्रमुख जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली समिती असते आणि अर्ज तिच्याकडे करायचा. साक्षीदार स्वतः, घरचे लोक, वकील किंवा तपास अधिकारी, कोणीही तो करू शकतं.

अर्जावर पोलिसांकडून धोक्याचा अहवाल मागवला जातो आणि तो पाच कामकाजी दिवसांत यायला हवा. तातडी असेल तर त्याआधीही अंतरिम संरक्षण देता येतं. जिवाला धोका असेल तर 'अ' वर्ग, सुरक्षितता, प्रतिष्ठा किंवा मालमत्तेला असेल तर 'ब', त्रास देणं किंवा दमदाटी असेल तर 'क'. मिळतं काय? घराभोवती गस्त, सीसीटीव्ही, कोर्टात ने-आण, तात्पुरतं दुसरीकडे राहणं, ओळख गुप्त ठेवणं, आरोपीशी समोरासमोर गाठ पडू न देणं. एका वेळी तीन महिन्यांपर्यंतच आदेश होतो आणि पुढे वाढवून घ्यावा लागतो. एक मर्यादा लक्षात ठेवा: योजना गंभीर गुन्ह्यांसाठी आहे, म्हणजे फाशी, जन्मठेप, सात वर्षे व अधिक शिक्षेचे गुन्हे आणि विनयभंग, पाठलाग यांसारखे काही. शेजारच्या भांडणातल्या किरकोळ खटल्यात ती लागू होत नाही.

पण धमकी हा स्वतंत्र गुन्हा आहेच. खोटी साक्ष द्यायला धमकावलं तर भारतीय न्याय संहितेच्या (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेला वेगळा कायदा) कलम २३२ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. आलेले मेसेज पुसू नका. त्या क्षणी मदत हवी असेल तर ११२.

८. समन्स आलंय. नाही गेलो तर काय होईल? मजुरी बुडते, त्याचं काय?

समन्स हा आदेश आहे. सबळ कारणाशिवाय न गेल्यास कलम ३८९ खाली ५०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. प्रत्यक्षात आधी जामीनपात्र वॉरंट निघतं, मग अटकेचं. आजारी असाल तर डॉक्टरांचा दाखला जोडून तारखेआधी सरकारी वकिलांकडे अर्ज पोचवा.

खर्चाबद्दल: फौजदारी खटल्यात आलेल्या साक्षीदाराला वाजवी खर्च सरकारकडून देण्याचा आदेश न्यायालय करू शकतं, कलम ३५०. तो मागावा लागतो. साक्ष झाल्यावर तिथल्या तिथे लिपिकाकडे भत्त्याबद्दल विचारा आणि तिकिटं दाखवा. मालकाला दाखवायला हजेरीचा दाखलाही मागून घ्या.

आणि दिवसभर बसवून "पुढची तारीख" म्हटलं तर? साक्षीदार हजर असताना त्याची साक्ष न घेता तहकुबी द्यायची असेल तर विशेष कारण लेखी नोंदवावं लागतं, कलम ३४६. तरीही तहकुबी होते. सहा वेळा एसटीने येऊन परत गेलेले एक आजोबा सातव्यांदा आले तेव्हा थेट न्यायाधीशांसमोर हात जोडून उभे राहिले. त्या दिवशी त्यांची साक्ष झाली. तुम्ही हात जोडायची गरज नाही. "मी मागच्या तीन तारखांना हजर होतो," असा चार ओळींचा अर्ज सरकारी वकिलांमार्फत द्या.

९. साक्ष नेमकी कशी होते? काय बोलायचं?

पुकारा झाला की आत जायचं, पिंजऱ्यात उभं राहायचं, शपथ घ्यायची. उभं राहवत नसेल तर खुर्ची मागा, देतात. आधी सरकारी वकील प्रश्न विचारतात, ती सरतपासणी. मग आरोपीचे वकील, ती उलटतपासणी. गरज पडली तर फेरतपासणी. आपल्या भाषेत बोला. शेवटी साक्ष वाचून दाखवली जाते, चूक असेल तर तेव्हाच सांगा. सहीनंतर नाही.

लोक अडकतात ते अंदाजात. भाजी विकणाऱ्या एका बाईंना वकिलांनी विचारलं, "तो किती फुटांवर होता?" त्या म्हणाल्या, दहा. "दहा फूट म्हणजे या खोलीत कुठपर्यंत, दाखवा." त्यांनी बोट दाखवलं ते मागच्या दरवाजाकडे, चांगलं पंचवीस फुटांवर. बाई खोटं बोलत नव्हत्या, त्यांनी आयुष्यात फुटाने काही मोजलंच नव्हतं. "या बाकापासून त्या कपाटापर्यंत" असं पहिल्यांदाच म्हटलं असतं तर पुढचा अर्धा तास वाचला असता.

'माहीत नाही' आणि 'आठवत नाही' ही दोन वेगळी उत्तरं आहेत. जे असेल ते म्हणा.

१०. घटना चार वर्षांपूर्वीची. सगळं आठवत नाही. साक्षीआधी सरकारी वकिलांना भेटलं तर चालतं का?

भेटण्यात, प्रक्रिया समजून घेण्यात काही गैर नाही. काय बोलायचं ते कोणी पढवू मात्र नये. "साक्षीआधी वकिलांना भेटलात का?" हा उलटतपासणीतला आवडता प्रश्न आहे. लोक घाबरून "नाही" म्हणतात आणि खऱ्या साक्षीवर नाहक शिंतोडा उडतो. भेटला असाल तर "हो, भेटलो" म्हणा.

११. आरोपीसमोर उभं राहायची हिंमत होत नाही. आणि चारित्र्यावर प्रश्न विचारले तर?

पडदा, दुसऱ्या खोलीतून व्हिडिओ, सोबत आधाराची व्यक्ती, हे सगळं मागता येतं. त्यासाठी 'असुरक्षित साक्षीदार' साक्ष केंद्रं उभारायला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात ११ जानेवारी २०२२ रोजी न्यायालयाने त्याची व्याख्या रुंदावली. आता त्यात फक्त मुलं नाहीत. लैंगिक अत्याचाराचे कोणत्याही वयाचे व लिंगाचे पीडित, मानसिक आजार असलेले, मूकबधिर व इतर अपंग साक्षीदार, धमकीखाली असलेले साक्षीदारही येतात. साक्षीच्या दिवशी सकाळी नव्हे, आधीच्या तारखेला अर्ज द्या.

बलात्काराचा खटला बंद दाराआड चालतो. संमतीचा प्रश्न असताना पीडितेच्या पूर्वीच्या लैंगिक संबंधांवर किंवा चारित्र्यावर प्रश्न विचारायला कायद्यात मनाई आहे. अश्लील किंवा निव्वळ अपमानासाठी विचारलेले प्रश्न न्यायाधीश थांबवू शकतात. सरकारी वकील हरकत घेत नसतील तर तुम्ही स्वतः न्यायाधीशांकडे पाहून "या प्रश्नाचा त्रास होतोय" म्हणू शकता. त्याने बेअदबी होत नाही.

१२. साक्षीदार माझी नऊ वर्षांची मुलगी आहे.

पोक्सोचा खटला असेल तर वकील तिला थेट प्रश्न विचारत नाहीत. प्रश्न न्यायाधीशांना सांगायचे आणि त्यांनी ते मुलीला विचारायचे. मध्ये विश्रांती मिळते, पुन्हा पुन्हा बोलवायचं नसतं आणि आरोपी तिच्या नजरेस पडू द्यायचा नसतो. पोलिसांनी जबाब घेताना गणवेश घालायचा नाही आणि कोणत्याही कारणाने तिला रात्री ठाण्यात ठेवायचं नाही. दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष आणि शक्यतो एका वर्षात खटला पूर्ण व्हावा, असं पोक्सोचं कलम ३५ म्हणतं. बाल कल्याण समितीकडून आधार व्यक्ती मागा. कोर्टात तिच्याशेजारी बसणारं, तारीख कळवणारं ते हक्काचं माणूस असतं. बाकीच्या गुन्ह्यांसाठी प्रश्न ११ मधली सोय लागू होते.

१३. मुलीचं नाव बातमीत आलं. आम्हीच मोर्चाच्या फलकावर तिचा फोटो लावला तर चालेल का?

बातमीत नाव देणं हा गुन्हा आहे, न्याय संहितेचं कलम ७२, दोन वर्षांपर्यंत शिक्षा. नाव न देता गाव, शाळा, वडिलांचा धंदा असं देऊन ओळख उघड करणंही त्यातच येतं. फलकाचं उत्तर लोकांना पटत नाही, पण ते 'नाही' असंच आहे. पीडिता मरण पावली असली तरी नातेवाइकांच्या संमतीवर नाव उघड करता येत नाही, सत्र न्यायाधीशांची परवानगी लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये सांगितलं आहे. सज्ञान पीडिता स्वतः लेखी परवानगी देऊ शकते.

१४. भरपाई निकालानंतरच मिळते का? आरोपी सापडलाच नाही तर?

निकालाची वाट पाहायची गरज नाही. कलम ३९६ खाली राज्याची पीडित भरपाई योजना आहे. आरोपी सापडला नाही किंवा ओळखला गेला नाही तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे थेट अर्ज करता येतो. चौकशी दोन महिन्यांत पूर्ण करायची असते, उपचारासाठी अंतरिम मदतही मिळू शकते. आरोपी निर्दोष सुटला तरी न्यायालय भरपाईची शिफारस करू शकतं. बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ल्यासाठी २०१३ पासून राज्याची मनोधैर्य योजना आहे. तिचाही अर्ज प्राधिकरणाकडेच जातो. अशा पीडितांवर सरकारी असो वा खाजगी, रुग्णालयाने तातडीचे उपचार मोफत करायचे असतात, कलम ३९७.

१५. चोरीला गेलेले दागिने सापडले, पण पोलीस म्हणतात केस संपेपर्यंत मिळणार नाहीत.

मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज दंडाधिकाऱ्यांकडे करा. फोटो, पंचनामा करून आणि बंधपत्र घेऊन वस्तू मालकाला द्याव्यात, ठाण्यात कुजत ठेवू नयेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितलं. आता कलम ४९७ मध्ये त्याला दिवसांची मुदतही आली आहे. सोनाराची पावती किंवा लग्नातला फोटो जोडा. परत मिळाल्यावर मोडू नका, कोर्ट मागू शकतं.

१६. गावात मिटलंय. आता केस मागे घेता येईल का, की साक्षीत "काही पाहिलं नाही" म्हणून मोकळं व्हावं?

दुसरं अजिबात करू नका. शपथेवर खोटं बोलण्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. शिवाय साक्षीदार फितूर जाहीर झाला म्हणून त्याची सगळी साक्ष पुसली जात नाही, त्यातला विश्वासार्ह भाग धरता येतो. कलम १८३ चा जबाब झाला असेल तर अडचण आणखी वाढते.

मिटवण्याचा सरळ रस्ता कलम ३५९ मध्ये आहे. तिथे तडजोडपात्र गुन्ह्यांचे तक्ते आहेत, काही थेट आणि काही न्यायालयाच्या परवानगीने. त्यात नसलेल्या गुन्ह्यासाठी उच्च न्यायालयात जावं लागतं. खून, बलात्कार यांसारखे गुन्हे समझोत्यावर रद्द होत नाहीत. आणि 'मिटलंय' हे दबावाखाली असेल तर प्रश्न ७ वाचा.

उलट बाजूही आहे. सरकारच खटला मागे घेत असेल तर पीडिताला ऐकल्याशिवाय न्यायालयाने परवानगी द्यायची नाही, कलम ३६०.

१७. आरोपी निर्दोष सुटला. अपील सरकारनेच करायचं का? शिक्षा कमी झाली असेल तर?

निर्दोष सुटका, कमी गंभीर गुन्ह्यात दोषी किंवा अपुरी भरपाई, या तिन्ही बाबतींत पीडित स्वतः अपील करू शकतो, कलम ४१३. त्यासाठी वेगळी परवानगी मागावी लागत नाही, हे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ठरलं. पण गुन्हा तोच सिद्ध झाला आणि फक्त शिक्षा कमी वाटते, तर त्यावर पीडिताचं अपील चालत नाही. ते शासनाने करायचं. सरकारी वकिलांकडे लेखी विनंती द्या, पोच घ्या. निकालाच्या नकलेसाठी त्याच दिवशी अर्ज करा.

१८. अपघातातल्या माणसाला दवाखान्यात पोचवलं. आता मला कोर्टाच्या फेऱ्या?

नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ ने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय. नाव सांगायचं की नाही आणि साक्षीदार व्हायचं की नाही, ही तुमची मर्जी.

१९. माझी केस २०२१ ची आहे. यातली नवी कलमं मला लागू होतात का?

१ जुलै २०२४ ला जो तपास किंवा खटला चालू होता तो जुन्या संहितेनेच पुढे जातो. हक्क बहुतेक तेच आहेत, अर्जात आकडे जुने लिहायचे: वकिलाच्या मदतीसाठी २४(८) व ३०१(२), साक्षीदाराच्या खर्चासाठी ३१२, भरपाईसाठी ३५७अ, अपिलासाठी ३७२. साक्षीदार संरक्षण योजना २०१८ ची असल्याने तीही आहेच. पीडिताला आरोपपत्राची मोफत प्रत ही मात्र नव्या संहितेतली भर आहे. जुन्या खटल्यात नक्कल विभागात अर्ज करून, फी भरून प्रत घ्यावी लागते.